न मिळालेल्या खोक्याची पोच

१

शीतलचा फोन आला तेव्हा राजानंद अंगणात सायकल पुसत बसले होते. पोस्टातून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आता ना कुणाचं पत्र वाटायचं ना कुणाची मनीऑर्डर, तरी सायकल रोज पुसायची म्हणजे पुसायची. बायको बेबीनंदा टोमणा मारायची, एवढं लक्ष माझ्याकडं दिलं असतं तर माझे गुडघे अजून धड राहिले असते.

"काका," शीतल जालन्याच्या दवाखान्यातून बोलत होती, "खोकं शनिवारीच मिळालं म्हणून फोनात लिहून येऊन राह्यलं. आज बेस्तरवार. मिळालं कोणाला?"

राजानंदांच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. सासूला विचारलंस का, म्हणाले. विचारलं होतं. कांताबाईंनी सांगितलं होतं, घरी काहीच आलेलं न्हाई.

त्या खोक्यात काय होतं हे अख्ख्या करंजवाडीला ठाऊक होतं. शीतलचा नवरा कल्याण अकरा वर्षं खडीमशीनवर कामाला होता. दगडाची भुकटी नाकातोंडातून आत गेली ती फुप्फुसात घट्ट बसली. चौतीस वर्षांचा गडी, बाजेवरून उठून माठापर्यंत जायचं तर दोनदा टेकायला लागला. डॉक्टरांनी शीतलला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की हा बरा होणार नाही, थोडे आठवडे आहेत. घरी हवेतून ऑक्सिजन ओढून देणारी मशीन लावली तर ते आठवडे घरी काढता येतील, नाहीतर इथंच. कल्याणचं एकच म्हणणं होतं, मला घरी न्या. आपल्या खिडकीपाशी, जिथून कडुलिंब दिसतो तिथं. दुसरं त्यानं काहीच मागितलं नव्हतं.

शीतलनं आईनं दिलेलं डोरलं मोडलं आणि फोनवरून एका विक्रेत्याकडं वापरलेली मशीन मागवली. ती कशी मागवायची, हे ठरवताना राजानंद तिच्या शेजारी बसले होते. फोनवर तीन पर्याय आले होते. पहिला घरपोच. पण ही डिलिव्हरीवाली माणसं हसनाबादपासून सात किलोमीटर आत कधी आली आहेत? फाट्यावरूनच फोन करतात, आणि उचलला नाही तर माल परत. दुसरा, जालन्याच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनवरून स्वतः जाऊन घ्यायचा. तिसरा, हसनाबादच्या दुकानावर माल येणार आणि ओटीपी सांगितल्याशिवाय तो कुणाला मिळणार नाही. राजानंद मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, पोरी, दुकानावरच टाक. गोडाऊनात चिठ्ठी दाखवील त्याला माल देतात. ओटीपीशिवाय माल हलत न्हाई. नंबर मात्र सासूचा दे, तू दवाखान्यात राहशील.

छत्तीस वर्षांत ज्या माणसाच्या पिशवीतून एक कार्ड हरवलं नव्हतं, त्या माणसाचा हा सल्ला.

"डॉक्टर म्हनले, मशीन घरी बसली की दुसऱ्या दिवशी न्या," शीतल म्हणाली. "यानं कपड्याची पिशवी भरून उशाला ठेवली, काका."

२

शुक्रवारी सकाळी राजानंदांनी सायकल हसनाबादच्या रस्त्याला घातली. राधेश्यामचं दुकान म्हणजे एक अजब प्रकार होता. एका कोपऱ्यात झेरॉक्स, दुसऱ्यात बांगड्या, मधे मोबाइलची रिचार्जं, आणि या सगळ्याच्या डोक्यावर छतापर्यंत चढलेली पार्सलं. बाहेर दगडी ओट्यावर निळ्या ताडपत्रीखाली आणखी एक ढीग पडला होता. तो परत जाणारा माल, न बसलेले ड्रेस आणि न आवडलेल्या चपला. कंपनीची गाडी दर सोमवारी येऊन तो भरून नेत असे.

राधेश्यामनं कॉम्प्युटर राजानंदांकडं वळवून दाखवला. शनिवार, अकरा बेचाळीस, माल दिला. कुणाला दिला, असं विचारल्यावर तो डोकं खाजवायला लागला. इतकी गर्दी असती, कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवू? मग जणू आत्ताच आठवल्यासारखं म्हणाला की बद्रीनाथचा ऑटो दारात उभा होता खरा. बद्रीनाथ म्हणजे कल्याणचा चुलतभाऊ, करंजवाडी ते हसनाबाद ऑटो चालवणारा. तेवढं नाव टाकून राधेश्याम झेरॉक्सच्या मशीनकडं वळला, आणि मशीन बंदच होती हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

राजानंद लगेच उठले नाहीत. पोस्टमनला उंबऱ्यावर थांबायची सवय असते. ते पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिले, आणि बसल्या बसल्या एक गंमत पाहिली. राधेश्यामनं केदारखेड्याच्या एका मास्तरांना फोन लावला. "मास्तर, तुमचा माल आल्ता. ओटीपी सांगा फक्त. माल राहू द्या माझ्यापाशी, कोनी येईल त्याच्यासंगं धाडतो." मास्तरांनी आकडे सांगितले, यानं कॉम्प्युटरवर टाकले, आणि तिकडं कंपनीच्या लेखी मास्तरांना माल मिळाला. खोकं मात्र फळीवरून तसूभर हललं नव्हतं.

ज्या कुलपाच्या भरवशावर त्यांनी शीतलला हा पर्याय घ्यायला लावला होता, त्याची किल्ली इथं आजूबाजूची दहा गावं फोनवरून वाटत होती, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ओळखीच्या माणसाला आकडे सांगायला काय हरकत? म्हणजे अकरा बेचाळीसला खोकं गेलं असं नव्हेच. फक्त आकडे गेले होते.

मग खोकं कधी गेलं? आणि ज्या कांताबाईंनी आकडे सांगितले असणार, त्या सुनेला काहीच कसं बोलल्या नाहीत?

३

बद्रीनाथ शनिवारी सकाळी फाट्यावर सापडला. राजानंदांना पाहताच त्यानं ऑटोची काच पुसायला घेतली. त्याचं एकच पालुपद होतं. मागच्या शनिवारी माझा ऑटो रिकामा आल्ता, पाहिजे तर कुणालाही विचारा. राजानंदांनी विचारलं, तू दुकानात गेल्तास का? तर म्हणाला, ऑटो रिकामा आल्ता. खोकं पाह्यलंस का? ऑटो रिकामा आल्ता. छत्तीस वर्षं दारोदार हिंडलेल्या माणसाला एवढं कळतं की जो एकच उत्तर तीनदा देतो, त्याचं तेवढंच उत्तर खरं असतं.

तिथून ते कांताबाईंकडं गेले. कांताबाई चुलीपुढं बसून होत्या. आठ दिवसांत बाई वाळून काटकी झाली होती. चहा ठेवते म्हणाल्या आणि पातेल्यात पाणी न घालताच साखर घातली. भिंतीवर मारुतीचा फोटो, त्याला रुईच्या पानांची ताजी माळ. खिडकीखाली नवऱ्याच्या वेळची लाकडी बाज धुऊनपुसून मांडली होती, वर न वापरलेली चादर घातली होती. पोराला आणायची सगळी तयारी त्या बाईनं केली होती.

त्यांनी फोन मागितला. कांताबाईंना आकड्यांपलीकडं वाचता येत नव्हतं, त्यांनी मुकाट्यानं पुढं केला. ओटीपीचा मेसेज उघडलेला होता. अकरा एकेचाळीसला राधेश्यामचा फोन आलेला. आणि अकरा चव्वेचाळीसला इथून एक फोन गेलेला, बद्रीनाथला.

एवढ्यात शेजारची दैवशाला दारात आली. लोहाराकडं धार लावायला दिलेलं कांताबाईंचं खुरपं तिनं येता येता आणलं होतं. कांताबाईंनी बसल्या जागेवरून हात केला, तिथं गडग्यावर ठेव. दैवशालानं खुरपं कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवलं आणि ती गेली. राजानंदांचं तिकडं ध्यानही नव्हतं. ते त्या अकरा चव्वेचाळीसच्या फोनवर अडून बसले होते.

"कांताबाई, बद्रीनाथला काय सांगतलं होतं तुम्ही?"

कांताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि विस्तवाकडं बघत राहिल्या.

राजानंद बाहेर पडले ते स्वतःवरच चिडून. मनात एक घाणेरडा विचार आला होता. आईनंच पुतण्याच्या हातून मशीन विकली की काय? पोर जाणारच आहे, मग मागं राहणाऱ्यांचं पाहावं असं तर नाही वाटलं बाईला? पण मग ती धुतलेली बाज कुणासाठी? रात्री जेवताना बेबीनंदा म्हणाली, तुम्ही भाकर नुसती हातात धरून बसलात.

४

रविवारी सकाळी ते पुन्हा हसनाबादला निघाले. कांताबाईंच्या घरावरून जाताना सहज मान वळली आणि ब्रेक दाबला गेला.

खुरपं रात्रभर गडग्यावरच होतं. दंवानं भिजलं होतं, पात्याला तांबूस छटा आली होती. आणि कांताबाई आत्ता ते उचलून पदरानं पुसत घरात नेत होत्या.

नुकती धार लावून आणलेलं खुरपं कुणी रात्रभर दंवात टाकतं? इतक्या काटकसरी बाईनं ते हातभर अंतरावरून आत का नेलं नाही? काल आणि आज यात फरक काय होता? फरक एवढाच होता की काल शनिवार होता.

राजानंद सायकल धरून रस्त्यात उभेच राहिले. त्यांच्या घरात हा हिशोब नव्हता. बाबासाहेबांच्या मागं त्यांच्या वडलांनी जे जे घराबाहेर काढलं त्यात वारही गेले. बेबीनंदानं मागच्याच शनिवारी बाजारातून नवा तवा आणला होता आणि त्याच संध्याकाळी त्यावर भाकरी टाकली होती. म्हणून तर शनिवार हा शब्द चार दिवस डोळ्यांपुढं असून त्यांना दिसला नाही. दुसऱ्या कुणाला तो पहिल्या दिवशीच दिसला असता.

शनिवारी घरात लोखंड घ्यायचं नसतं.

पुढचं मग आपोआप उलगडत गेलं. राधेश्यामच्या दुकानात पोचल्या पोचल्या त्यांनी सोमवारची परत मालाची यादी मागितली. राधेश्याम टाळाटाळ करायला लागला, पण या म्हाताऱ्यानं त्याच्या बापाला आयुष्यभर पत्रं दिली होती. यादी पुढं आली. राधेश्यामच्या हातानं नऊ पार्सलं लिहिलेली होती. खाली गाडीवाल्याची सही, आणि सहीशेजारी त्यानं मोजून घातलेला आकडा, दहा नग. पोस्टात पिशवी उघडायच्या आधी नग मोजतात. ती सवय राजानंदांची सुटली नव्हती.

दुपारी त्यांनी राधेश्याम आणि बद्रीनाथ दोघांना कांताबाईंच्या अंगणात आणून बसवलं. मग शांतपणे, एखादी तार वाचून दाखवावी तसं सांगायला सुरुवात केली. शनिवारी राधेश्यामनं फोन करून, बद्रीनाथसंगं धाडतो म्हणून ओटीपी घेतला, मशीन 'दिली' म्हणून टाकली आणि बद्रीनाथला ऑटोत भरायला सांगितली. बद्रीनाथ खोकं उचलणार तेवढ्यात कांताबाईंचा फोन आला.

"तुम्ही त्याला इचारलं, लोखंडाचं हाय का. बराबर?"

कांताबाईंनी मान हलवली. बद्रीनाथ जमिनीकडं बघत म्हणाला, "म्या म्हनलं, काकू, लोखंडाचं धूडच हाय, लई जड. काकू म्हनली, मंग आज नको आनू. उद्या आन."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून खोकं एका रात्रीपुरतं ओट्यावर ठेवलं, ताडपत्रीखाली. रविवारी बद्रीनाथला लग्नाचं भाडं लागलं. सोमवारी सकाळी गाडी आली आणि गाडीवाल्यानं ताडपत्रीखालचं सगळं भरून नेलं. दुपारी बद्रीनाथ आला तर ओटा मोकळा. दोघं एकमेकांवर ओरडले, मग दोघंही घाबरले. राधेश्यामला वाटलं, कंपनीला कळलं तर दुकानाचं केंद्र जाईल. बद्रीनाथला वाटलं, भावाची मशीन आपल्या हातून गेली असं गाव म्हणेल. संध्याकाळी त्यानं काकूला तेवढं सांगितलं, आणि तिनं तोंडाला पदर लावला तो आजपर्यंत.

चोर कुणीच नव्हता. राजानंदांना वाटलं, चोर असता तर किती बरं झालं असतं. चोराकडून माल परत मिळवता येतो.

त्यांनी तिथूनच राधेश्यामला गाडीवाल्याला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू करायला लावला. गाडीवाला सरळ माणूस निघाला. हो, एक जड नग होता. सोमवारी आणि मंगळवारी सगळा माल जालन्यातच पडून होता, कोणत्या दवाखान्यामागच्या गोडाऊनात तेही त्यानं सांगितलं. बुधवारी मोठ्या ट्रकात गेला. कुठं, ते आता कसं सांगणार? त्या खोक्यावरचा नंबर टाकला की 'ग्राहकाला मिळाला' एवढंच येतं. मिळालेला माल कुणी शोधत नाही, दादा.

दवाखान्याचं नाव ऐकून अंगणात कुणी कुणाकडं पाहिलं नाही. दोन दिवस ती मशीन कल्याणच्या खाटेपासून एका भिंतीपलीकडं पडून होती, आणि तीन माणसं इथं गप्प बसली होती. राजानंदांचा पहिल्यांदा तोल गेला. सोमवारी एकानं तरी तोंड उघडलं असतं, एकानं तरी, असं ते ओरडले. पण बोलता बोलता त्यांना आठवलं की जालन्याच्या गोडाऊनवरून माल घ्यायचा पर्यायही शीतलच्या फोनवर होता, आणि तो नको म्हणणारा माणूस कोण होता.

"कल्याणच्या बापाच्या वक्ताला शनिवारीच नवी पहार आनली होती," कांताबाई पहिल्यांदाच बोलल्या. "पंधरा दिवसांत मानूस गेला. हे तर लेकरासाठीच येऊन राह्यलं होतं, राजानंद भाऊ. म्हनलं, त्याच्यावर सावली नको पडायला. एकच रात तर होती."

५

दुसरी मशीन मागवायची तर परत आठ दिवस आणि परत एक डोरलं. डोरलं उरलं नव्हतं, आणि आठ दिवस आहेत असं डॉक्टर म्हणायला तयार नव्हते. भाड्यानं मिळतात म्हणून राजानंद जालन्यात तीन ठिकाणी फिरले, तिन्हीकडं नाव लिहून घेतलं आणि तुमच्या आधी अकरा जण आहेत असं सांगितलं. कंपनीला तक्रार केली, तर कांताबाईंच्या फोनवर उलट मेसेज आला की आमची सेवा आपल्याला कशी वाटली ते कळवा.

राजानंदांनी शीतलला एवढंच सांगितलं की खोकं ओट्यावर राहिलं आणि चुकीनं परतीच्या गाडीत गेलं. रात्रभर ओट्यावर का राहिलं, हे तिनं चारदा विचारलं. चारही वेळा त्यांनी माझाच सल्ला चुकला म्हणून विषय तोडला.

आणखी एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, बेबीनंदालाही नाही. तक्रार लिहिताना शीतलच्या फोनवर मशीनचं पान उघडलं होतं, त्यात माहिती होती. वजन चौदा किलो. बाहेरची बॉडी प्लास्टिकची. पांढऱ्या प्लास्टिकची.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, आता मशीन असून नसून सारखंच, न्यायचं तर उद्याच न्या. दवाखान्यानं एक सिलिंडर दिला. शनिवारी दुपारी ॲम्ब्युलन्स करंजवाडीत आली. गल्लीतली माणसं नुसती उभी होती. चौघांनी कल्याणला चादरीत घालून उचललं. त्याच्या नाकातली नळी सिलिंडरला जोडलेली, म्हणून सिलिंडर बरोबरच आत जायला हवा होता. काळं, जाडजूड लोखंड, मानेपाशी पांढरा पट्टा.

माणसं उंबऱ्यापाशी आली आणि दैवशाला हळूच म्हणाली, "कांताबाई, आज शनिवार हाय."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, सवयीनं बोलून गेली बिचारी. पण सिलिंडर धरलेला माणूस थबकला. नळी ताणली गेली, कल्याण कण्हला. शीतलनं आधी दैवशालाकडं पाहिलं, मग सासूकडं, मग राजानंदांकडं. चारदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला आत्ता मिळालं होतं. राजानंदांना मान वर करवेना.

कांताबाई पायरी उतरून खाली आल्या. वाळून काटकी झालेल्या त्या बाईनं सिलिंडरला दोन्ही हातांनी मिठी मारली, छातीशी धरला, आणि त्या माणसाच्या बरोबरीनं उचलून स्वतः उंबऱ्याच्या आत नेला.

कल्याणला बाजेवर ठेवलं. खिडकी उघडली. बाहेर कडुलिंबावर ऊन पडलं होतं.

"घरी आलो का मी?" त्यानं विचारलं.

आलास, असं शीतल म्हणाली आणि सिलिंडरच्या पलीकडं बसली. अलीकडं कांताबाई बसल्या. मधे काचेखाली ऑक्सिजन किती उरला ते दाखवणारा एक काटा होता. रस्त्यात एक ट्रक आडवा लागल्यानं तासभर जास्त गेला होता, आणि काटा लाल पट्ट्यावर टेकला होता. मग कांताबाईंनी मान वर केली.

"राजानंद भाऊ, मला न्हाई कळत. काटा कुठं हाय?"

छत्तीस वर्षं राजानंदांनी या गल्लीत लोकांची पत्रं वाचून दाखवली होती. मरणाची, घटस्फोटाची, नापासाची. जे लिहिलं असेल ते, एक अक्षर इकडं तिकडं न करता. त्यांनी काट्याकडं पाहिलं.

"भरपूर हाय अजून," ते म्हणाले. "रातभर पुरतंय."

शीतलला वाचता येत होतं. तीही काट्याकडंच बघत होती. तिनं हात लांब करून सासूच्या डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला, आणि सिलिंडर थोडा वळवून काच भिंतीकडं केली.